तिसऱ्या हाकेपर्यंत

परवा नातीनं माझा फोन माझ्याच हातात ठेवला आणि म्हणाली, "आजी, चार मिस्ड कॉल आहेत तुझे. कान कुठे असतात गं तुझे?" कान जागेवरच होते, मी अंघोळीला गेले होते. पण तिचं ऐकून मी बराच वेळ फोन धरून नुसती बसले. मिस्ड कॉल हे शब्द मला नवे नाहीत, आमच्या दूधवाल्यालाही ते येतात. फक्त त्या दिवशी मनात आलं की अण्णांच्या दोरीवर ह्या वापराची चिठ्ठी नव्हती. असती तर ती सगळ्यांत शेवटी लागली असती, न्हाणीच्या बाजूच्या खांबाजवळ. आणि मग जे मी साठ वर्षं कोणाला सांगितलं नाही ते सांगून टाकावं असं वाटलं. ऐकणारे सगळे गेले, तेव्हा लिहूनच सांगायचं.

आधी एक कबुली. हे जे मराठी मी लिहिते आहे ते माझ्या सासरचं, सोलापूरचं. आम्ही तंजावूरचे. घरात मराठीच बोलायचो, पण वाचता कोणाला येत होतं? बाराखडी तमिळ, शाळा तमिळ आणि इंग्लिश. देवनागरी मला सासूबाईंनी रोजच्या वर्तमानपत्रावर बोट ठेवून शिकवली, तीही डोक्यावर टपल्या मारत. आमचं बोलणं ऐकून सासरची मंडळी तोंडाला पदर लावायची. "ही बखरीतनं उठून आली काय?" असं एक नणंद म्हणालीही होती. म्हणून मी माझं लिहिणं सोलापूरचं ठेवते आणि त्या घरातली माणसं बोलतील तेव्हा त्यांना त्यांच्या जिभेनं बोलू देते. त्यांचा तो हक्क आहे.

घर राजवाड्यामागच्या गल्लीत होतं, भाड्याचं. रुंदीला दोन खाटा आडव्या मावतील एवढंच, पण लांबी अशी की पुढच्या ओट्यावर बसलेल्याला मागच्या विहिरीवरचं माणूस मुठीएवढं दिसावं. पुढे ओटा, मग कूडम म्हणजे बसायउठायची मोठी खोली, तिच्या मधोमध आभाळाला उघडा चौक, मग स्वयंपाकघर, मग एक अंधारा बोळ, मग न्हाणी, आणि शेवटी विहीर. उन्हाळ्यात ऊन चौकातून उतरायचं आणि फरशीवरून घड्याळाच्या काट्यासारखं सरकायचं. ते दुसऱ्या खांबाशी आलं की जेवणं. आई पिटलं आणि भात वाढायची, नाहीतर डांगराची पच्चडी, आणि शेवटी दहीभाताबरोबर मिठात वाळवलेल्या नारत्तंगायची, म्हणजे महाळुंगासारख्या आंबट फळाची, एक फोड. ती फोड जिभेवर ठेवली की दोन्ही कानांच्या मुळांशी कळ यायची. आजही मला लिंबू चोखताना कोणी दिसलं तरी तिथेच कळ येते.

जेवणं झाली की गल्ली मरायची. दुसरा शब्द मला सापडत नाही. सायकलची घंटा नाही, भाजीवालीची आरोळी नाही, राजवाड्याच्या मनोऱ्यावरची कबुतरंसुद्धा गप्प. लोक रात्रीला भितात. मी तंजावूरच्या दुपारीला भ्यायचे. रात्री निदान दिवा असतो आणि आईच्या पातळाचा घोळ हाताशी असतो. दुपारी सगळं लख्ख दिसतं आणि कोणी नसतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत इंग्लिश शिकवायचे. उंच, वाळके, सदा कोणाची तरी फिरकी घेण्याच्या तयारीत. त्यांचं एक म्हणणं होतं की आमच्या पोरांना इंग्लिशचे मोठे शब्द येतात, लहान येत नाहीत. हातभर लांब शब्दाचं स्पेलिंग घडाघडा म्हणतील, पण 'टेक' नाहीतर 'रन' दहा ठिकाणी दहा तऱ्हांनी आला की तोंडघशी पडतील. त्यावर त्यांना एक पुस्तक करायचं होतं. एकेक साधा शब्द घ्यायचा, त्याचे सगळे वापर जमवायचे, आणि प्रत्येक वापराला एक वाक्य. वाक्यं राजाराणीची नाहीत, आमच्या घरातली. ती जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहायची, दाभणानं भोक पाडून दोरा ओवायचा, आणि कूडमच्या दोन खांबांमध्ये बांधलेल्या दोरीला टांगायची. शब्द पुरा झाला की चिठ्ठ्या काढून वहीत उतरवायच्या आणि दोरी पुढच्या शब्दाला मोकळी. घरात वाळवणं कोठे घालायची म्हणून आई कुरकुरायची, पण तिनं त्या दोरीवर कधी एक फडकंसुद्धा टाकलं नाही.

त्या उन्हाळ्यात दोरीवर 'कॉल' होता. मी अकरा वर्षांची होते आणि चिठ्ठ्या कापून देण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे त्या सगळ्या मला पाठ. आई मला हाक मारते, ही पहिली. आत्या मला माकड म्हणते, तिथेही 'कॉल'. डॉक्टर घरी येऊन बघून जातो तोही 'कॉल'. पावसानं सामना रद्द झाला तर 'कॉल ऑफ'. शेजारच्या मामी सहज डोकावून जातात ते 'कॉल ऑन'. आता आजचं काम पुरे, आवरा, हे सांगायलाही तोच शब्द. कोणाला वैद्यकी, कोणाला वीणा, असं ज्याचं त्याचं जन्माचं जे काम असतं त्यालाही 'कॉलिंग'. आणि लाल शाईनं लिहिलेली एक: रोल कॉल. शाळेत अण्णा नाव एकदाच घ्यायचे. ओ दिली तर हजर, नाही तर गैरहजर, मग तुम्ही पहिल्या बाकावर बसून डोळे मिचकावत असलात तरी. "दुसऱ्यांदा नाव घ्यायला मी काय तुमच्या दारातला याचक?" असं म्हणायचे. पोरं त्यांना 'एक हाक सार' म्हणायची, तमिळमध्ये; सार म्हणजे सर.

आणि घरात कायदा बरोबर उलटा होता. तो आत्याचा कायदा. आत्या अण्णांची थोरली बहीण, विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आलेली. गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालून काठी घेऊन कावळे राखत बसायची, आणि वरून सगळ्या घरावर तिचं लक्ष. तिचा कायदा असा: भर दुपारी कोणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच. कारण जे माणूस नव्हे, त्याला तीन हाका मारता येत नाहीत. ते एकदा बोलावतं, फार तर दोनदा. आपण ओ दिली की आपलं नाव त्याच्याकडे गेलं, मागून आपणही. गल्लीत हा नियम पाळणारी आणखीही घरं होती. पलीकडच्या घरातली एक सून म्हणे चुलीपाशी बसलेली, आईची हाक ऐकून "आलें" म्हणत मागे गेली. आई तिची कुंभकोणमला. सून विहिरीत सापडली.

"ते आवाज आपल्या माणसाचाच घेतं," आत्या मला सांगायची, वडामावरची माशी वारत. "तुझ्या आईचा घेईल, माझा घेईल. पण नीट येत नाही त्याला. एक कोठ तरी चुकतं. कान देऊन ऐक, कळंल तुज."

अण्णा हे ऐकून खो खो हसायचे. "अक्का, तुझ्या भुताला तीन मोजता येत नाहीत की? माझ्या वर्गात पाठवून दे, शिकवतों."

"हसू नोको, सामू. तूं शिकलास, बरं आहे. लेकरावर कां प्रयोग?"

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. बापाची लेक होते मी. पण एक दुपार आली. मी चौकाच्या कडेला बसून चिठ्ठ्या कापत होते. मागून आईची हाक आली, "ठकू!" घरात मला ठकू म्हणत. मी सवयीनं "ओ" म्हटलं, कात्री टाकली आणि बोळातून मागे गेले. विहिरीवर कोणी नव्हतं. कप्पीवरचा दोर हलत होता, आणि बादली काठावर, ओली, खाली पाण्याचं थारोळं. न्हाणीत पाहिलं, नव्हती. परत येते तो आई पुढे ओट्याशेजारी चटईवर झोपलेली, तोंड उघडं, चांगली घोरत. मी तिला हलवलं. "मी कोठ बोलावट्लें तुज?" ती म्हणाली आणि कुशीवर वळली. शेजारची मोलकरीण पाणी भरून गेली असेल, तिच्या पोरीचं नाव कोकू होतं, असं अण्णांनी नंतर समजावलं. असेलही. मी आत्याला सांगायला गच्चीवर गेले तेव्हा तिनं एकच विचारलं: "ओ दिलीस की?" मी मान हलवली. तिच्या हातातली काठी खाली पडली. कावळे वडामावर उतरले आणि तिनं त्यांना हाकललं नाही. ते बघून मी जी भ्याले ती भ्याले.

मीठमोहऱ्या उतरल्या, मनगटाला काळा दोरा आला, आणि मारियम्मन देवीच्या नावानं आत्यानं माझ्याकडून शपथ घेतली: तिसऱ्या हाकेशिवाय ओ देणार नाही, प्रत्यक्ष बापानं बोलावलं तरी. अण्णांनी त्या संध्याकाळी दोरीवर एक नवी चिठ्ठी लावली. "कोणी हाक मारली? कोणीच नाही." इंग्लिशमध्ये दोन छोटी वाक्यं, दोन्हींत तोच शब्द. त्यांना वाटलं गंमत होईल. आत्यानं कानांवर हात ठेवले. ती चिठ्ठी पुढे कितीतरी दिवस वारा नसताना फिरायची. हलका कागद, पिळाचा दोरा, दुसरं काय. पण मी तिच्याकडे पाठ करून बसत नसे.

मग अण्णांना खेळ सुचला. दुपारी मी एकटी दिसले की ते कोठून तरी, दाराआडून, गच्चीच्या जिन्यातून, एकदाच हाक मारायचे. "ठकू!" मी ओठ घट्ट मिटून बसायची. मग तेच हसत बाहेर यायचे. "गैरहजर! लाल शेरा!" असं पाच-सहा वेळा झालं. त्यांना माझी भीती मोडायची होती. शिकवण्याची त्यांची रीतच ती, ज्याला भितोस ते दहादा कर. एकदा मी रडले, तेव्हा मात्र जवळ घेऊन म्हणाले, "बरं. तुझ्यासाठी तीन मारीन. पण एक दिवस पहिलीला ओ देशील, बघ." तो दिवस बघायची त्यांची फार इच्छा होती, हे मला आता कळतं.

सुट्टी संपायला आठवडा राहिला होता तेव्हा मला गालगुंड झालं. आई आणि आत्या तिरुवैयारुला एका बारशाला जायच्या होत्या. आईचा पाय निघेना. अण्णा म्हणाले, "जा, मी आहें की. भात मज येतो." दोघी सकाळच्या बसनं गेल्या. माझ्या जबड्याला हळदीचा लेप, त्यावर आईच्या जुन्या पातळाची पट्टी, कानांवरून घेऊन डोक्यावर गाठ. घर पट्टीच्या आतून ऐकू येत होतं, उशीखालून ऐकल्यासारखं. अण्णांनी मऊ भात केला, ताकात कालवून भरवला, स्वतः जेवले नाहीत, म्हणाले डोकं जड आहे, अंगावर चार बादल्या ओततों मग जेवतों. पंचा खांद्यावर टाकून ते बोळातून मागे गेले. जाताना दोरीखालून वाकले, आणि ती फिरणारी चिठ्ठी त्यांच्या केसांना लागली. पाठमोरे उंच अण्णा, हे माझ्या मनातलं त्यांचं शेवटचं उभं चित्र.

कप्पी करकरली. एक बादली वर आली, ओतली. दुसरी निम्मी आली असेल, आणि कप्पी थांबली. मग दोर सुटल्याचा सर्रकन आवाज, आणि खोल, बादली पाण्यावर आपटल्याचा. मग काही नाही. ऊन तिसऱ्या खांबाशी होतं. मी चटईवर उठून बसले आणि वाट पाहिली, कप्पीची. ती वाजली नाही.

मग हाक आली.

"थऊ."

मी हा आवाज सांगू शकत नाही, पण सांगते. तो अण्णांचा होता आणि नव्हता. कोणी तरी अण्णांचा आवाज पहिल्यांदाच तोंडात घेऊन बघत होतं, आणि माझ्या नावातली अक्षरं त्याला उच्चारता येत नव्हती. ठ नाही, क नाही. नीट येत नाही त्याला, एक कोठ तरी चुकतं. विहीर, थांबलेला दोर, भर दुपार, एकच हाक. सगळं आत्यानं सांगितलं होतं तसं, ओळीनं. मला पळून पुढच्या दारानं गल्लीत जावंसं वाटलं, पण मी चटईवरच बसून राहिले. मी एक मोजलं. आता ती जी दुसरी येईल ती ऐकणं माझ्यानं होणार नव्हतं, म्हणून मी दोन्ही तळहातांनी पट्टी कानांवर दाबली, इतकी की लेप गालावरून ओघळला. डोळे मिटले आणि मनात मारियम्मनचं नाव घेत राहिले. मला माझ्या रक्ताचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

किती वेळ, ते सांगता येत नाही. हात काढले तेव्हा ऊन चौकातून निघून गेलं होतं आणि घरात काहीच वाजत नव्हतं. तरी मी मागे गेले नाही. संध्याकाळच्या बसनं आई आणि आत्या आल्या, हातात बारशाच्या चण्याची पुडी. आईनं विचारलं, "अण्णा कोठ?" मी बोळाकडे बोट केलं.

ते विहिरीच्या दगडी कट्ट्यालगत पडलेले होते. उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. कपाळावर आणि छातीवर मुंग्या चढल्या होत्या. मी त्या पाहिल्या. डॉक्टर आला. त्यानं विचारलं, केव्हापासून? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी झोपले होते." सगळ्यांना ते खरंच वाटलं. आजारी लेकरू, झोपणारच. आईनं उलट मला पोटाशी धरलं. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या डॉक्टर भाच्याला मी ही केस दुसऱ्या कोणाची म्हणून सांगितली. तो म्हणाला, त्या काळी लगेच नेलं असतं तरी फार काही करता आलं नसतं, मावशी. मग म्हणाला, "पण ते बिचारे उन्हात पडून नसते राहिले." मी त्याला चहा ओतून दिला.

अण्णा जगले. वर्षाहून थोडं जास्तच. कूडममध्येच दोरीखाली त्यांची खाट घातली. कळत सगळं होतं, ओळखत सगळ्यांना होते, पण शब्द गेले. इंग्लिश गेलं, तमिळ गेलं, आमचं मराठी गेलं. जन्मभर शब्दांवर जगलेला माणूस, त्याच्या तोंडून नुसता एक आकार यायचा. वैद्य म्हणाला, येईल वाचा, कधी कधी येते. आई रोज देवापाशी तेच मागायची. आणि मी काय मागायची ते आज लिहिते, कारण लिहायला बसलेच आहे: मी मागायची की अण्णा बरे होऊ देत, चालू देत, जेवू देत, पण बोलू देऊ नकोस. एका माणसाला ठाऊक होतं की मी घरात होते आणि आले नाही, आणि त्याच्या तोंडाला देवानं कुलूप घातलं होतं. ते कुलूप तसंच राहावं म्हणून मी उपास केले. अकरा वर्षांच्या पोरीच्या मनात एवढं काळं असू शकतं हे मला स्वतःवरूनच माहीत आहे, म्हणून मुलांच्या निरागसपणाची वर्णनं कोणी करू लागलं की मी उठून जाते.

हाक मारता येईना म्हणून आईनं खाटेशी एक पितळी टंबलर आणि चमचा ठेवला होता. डावा हात चालायचा. काही हवं असलं की ते टंबलरवर चमचा मारायचे. मी शाळेतून आले की माझी पाळी असायची, सुट्टीच्या दिवशी दुपारीही. टण्, टण्, टण्, आणि मी जायची. पाणी द्यायची, पंख्यानं वारा घालायची, त्यांच्या डोळ्यांकडे न बघता. ते मात्र माझ्याकडेच बघायचे. वर दोरीवर चिठ्ठ्या तशाच होत्या. आईनं त्या कोणाला काढू दिल्या नाहीत.

एकदा आई भाजी चिरत बसली होती, आत्या तिच्यासमोर तांदूळ निवडत. अण्णांनी टंबलर वाजवला आणि मी उठले. आई सहज म्हणाली, "कां गं, मज ते एकदाच वाजवतात. अक्कांनाही एकदाच. तुज कां तीनदा?"

मी उभी होते तिथेच राहिले. मी कधी मोजलंच नव्हतं. आत्याचा हात सुपात थांबला. तिनं खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या मनगटावरच्या दोऱ्याकडे, आणि तिचा चेहरा असा झाला की मला कळलं, तिला कळलं. आई आपली वांगी चिरत होती. अण्णांनी पुन्हा वाजवलं. तीनदा, मध्ये जागा सोडून, पहिलीतल्या पोरांना आकडे शिकवतात तसं. मी त्यांच्याजवळ गेले आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात राग नव्हता एवढं मी शपथेवर सांगेन. पण काय होतं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. 'भिऊं नोको, मीच आहें' असं सांगत होते का, दिलेला शब्द पाळून? की 'मी तीनही मारल्या होत्या, ठकू' असं? मी कान दाबले होते. मला फक्त पहिली माहीत आहे. उरलेल्या दोन त्यांना एकट्यांना माहीत होत्या.

त्या दिवशी आत्यानं माझा दोरा तोडून चुलीत टाकला. आणि त्या दिवसापासून ती पहिल्याच हाकेला ओ देऊ लागली. भर दुपारी, कोणीही बोलावो, गल्लीतून, गच्चीवरून, कोठूनही. कधी कधी कोणी बोलावलेलं नसतानाही गच्चीवर एकटीच मोठ्यानं म्हणायची, "आलें! हें आलें!" जणू ती कोणाला तरी सांगत होती, ह्या घरातलं नाव हवं असेल तर माझं घे, म्हातारीचं. कोणी ऐकलं नाही. ती पुढे नव्वदीपर्यंत जगली, आणि त्याची तिला लाज वाटायची.

अण्णा श्रावणात गेले, टंबलर न वाजवता. चिठ्ठ्या आईनं उतरवून एका पिशवीत घातल्या, त्या माझ्याबरोबर सोलापूरला आल्या. पुस्तक झालं नाही. पिशवी माझ्या कपाटात आहे, कागद पिवळे झाले आहेत, शाई अजून वाचता येते. परवाच्या त्या मिस्ड कॉलनंतर मी एक कोरा कागद कापला, दाभणानं भोक पाडलं, आणि नवीन वापर लिहायला घेतला. वाक्य घरातलं हवं ना. ते काही माझ्यानं लिहवलं नाही. चिठ्ठी कोरीच पिशवीत टाकली.

आता जे घडलं ते कालचं. सून कामावर, नात कॉलेजात. जेवण झालं होतं, मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी ताट विसळत होते. वैशाखाची दुपार, खाली रस्ता मेलेला. ठकू म्हणणारं आता पृथ्वीवर कोणी नाही. कागदावर मी कमलाबाई, इथे सगळ्यांची आजी. मागे न्हाणीघराकडून हाक आली. अण्णांचा आवाज. मी कान देऊन ऐकला, आत्यानं शिकवलं होतं तसा, चूक शोधत. चूक नव्हती. ठ होता, क होता, अक्षरं सगळी जागच्या जागी, लाल शाईचा रोल कॉल घेतल्यासारखी खणखणीत.

"ठकू!"

मी नळ बंद केला. अजून दोन यायच्या होत्या. त्यांची वाट पाहिली नाही.

"ओ," मी म्हटलं, "आलें, अण्णा."